विचाराधीन वेल

दिल्लीत यमुनेच्या अलीकडे आणि पलीकडे मिळून जेवढ्या म्हणून वेली कुंपणांवर, भिंतींवर आणि विजेच्या खांबांवर चढल्या असतील, त्यांतली एकही माझ्या मामेसासऱ्यांच्या तावडीतून नाव न लागता सुटली असेल असं मला वाटत नाही. लागलेलं नाव बरोबर असायचंच असं नाही. बरोबर निघालं तर तो त्या वेलीच्या नशिबाचा भाग. पण नाव लागायचं, तारखेसह लागायचं, आणि एकदा लागलं की प्रत्यक्ष ब्रह्मदेव खाली उतरून म्हणाला असता, 'अहो, ही मी वेगळी समजून केली होती,' तरी मामांनी त्याला लेखी अर्ज करायला सांगितलं असतं.

हे मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे, थोरले मामा. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात कारकून म्हणून चिकटले आणि सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. मधल्या काळात वनस्पतिशास्त्राशी त्यांचा संबंध आला तो कॉरिडॉरमधल्या कुंड्या पानाच्या पिचकाऱ्यांपासून वाचवण्यापुरता. पण त्यांचा ठाम विश्वास होता की जगातली कुठलीही गोष्ट ओळखायला शास्त्र लागत नाही, फाईल लागते. लग्नानंतर माझी दिल्लीला बदली झाली आणि आर. के. पुरममध्ये मामांच्याच सेक्टरमध्ये आम्हाला क्वार्टर मिळालं. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा मी नवा जावई या नात्याने परीटघडीचा शर्ट घालून, श्रीखंडाची तयारी ठेवून गेलो होतो. मामांनी मला दारातच नखशिखान्त न्याहाळलं आणि विचारलं, "उंची?" माझ्या व्यक्तिमत्त्वाची छाप पडतेय असं समजून मी छाती काढून म्हणालो, "पाच फूट अकरा." "उत्तम!" म्हणून त्यांनी माझ्या हातात एक वाकड्या मुठीची छत्री दिली आणि मला बसस्टॉपमागच्या भिंतीपाशी नेऊन उभं केलं. "जावईबापू, तो वरचा शेंडा छत्रीत अडकवून जरा खाली घ्या, आणि फळ आहे का सांगा." त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी जावई नव्हतो, शिडी होतो. श्रीखंड मिळालं, पण शर्टाला मुंग्या लागल्यावर.

आता हे सगळं कशासाठी, तर मामींसाठी. मामी वाईजवळच्या एका खेड्यातून लग्न होऊन दिल्लीला आल्या त्या ऐन मे महिन्यात. करोलबागेतली एक खोली, वर पत्रा, दुपारभर बाहेर लू सुटलेली. आठ दिवस त्या काही बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी मामांनी विचारलं, "तुला काय हवं?" तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्या परसाच्या कुंपणावर एक वेल होती. उन्हाळ्यात आई तिचा पाला पाण्यात चोळायची, साखर घालायची, आणि ते पाणी थोड्या वेळाने आपोआप थिजायचं. त्याच्या हिरव्या वड्या पाडायची. त्या खाल्ल्या की पोटात गार पडायचं." नाव काय वेलीचं? नाव कुणाला ठाऊक! घरात तिला 'कुंपणावरची वेल' म्हणत, आणि कुंपण एकच असल्यामुळे तेवढं पुरत असे. नव्या नवरदेवाच्या उत्साहाने मामा म्हणाले, "एवढंच ना? रविवारी आणतो." तो रविवार उगवायला एकतीस वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी मामांनी ऑफिसातून एक कोरी फाईल आणली आणि तिच्यावर आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'विषय: सौ.च्या माहेरची वेल – शोध घेणेबाबत.' अर्जदार अर्थात मामी. अर्जदाराचं तोंडी निवेदन त्यांनी सविस्तर नोंदवून घेतलं आणि त्यातून तीन खुणा काढल्या. खूण अ: फळं करवंदाहून लहान, पिकल्यावर काळी-जांभळी, अर्जदार व अर्जदाराचे भाऊ त्यांची शाई करत. खूण ब: फळातली बी घोड्याच्या नालेसारखी वळलेली, अर्जदार त्यांनी 'घोडे-घोडे' खेळत असे. खूण क: पाल्याचा रस पाण्यात थिजतो. मग कार्यपद्धती ठरली. वेल दिसली की आधी खूण अ तपासायची. ती जुळली तरच ब. ब जुळली तरच क. "वरच्या टेबलावर सही झाल्याशिवाय फाईल खालच्या टेबलावर जात नाही," मामा म्हणायचे. मी एकदा भीत भीत सुचवलं की मामा, सरळ पाला चोळून पाण्यात टाकून बघायला काय हरकत आहे? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी जणू इंटरव्ह्यूआधीच ऑर्डर मागितली होती.

वेली शोधण्याचा त्यांचा सरंजाम साधा होता. ती छत्री, ऑफिसातलं एक भिंग, आणि पाला ताजा राहावा म्हणून ओला रुमाल घातलेला स्टीलचा डबा. हा डबा आणि जेवणाचा डबा दोन्ही एकाच दुकानातले, एकाच मापाचे. व्हायचं ते झालं. एका सोमवारी शेजारच्या टेबलावरच्या पंजाबी गृहस्थांनी रोजच्या हक्काने मामांचा डबा उघडला आणि मामा हात धुऊन येईपर्यंत रानतोंडलीची चार पानं मिठाला लावून फस्त केली. मामांचा चेहरा पडलेला पाहून ते म्हणाले, "अच्छा है यार, बस थोड़ा फीका है। भाभीजी को बोलना, मराठी खाने में थोड़ा प्याज भी डाल दिया करें।" मामांनी फाईलवर नोंद केली: 'वेल क्र. १४. नमुना गहाळ. चव फिकी (साक्षीदार उपलब्ध).' चालत्या बसमधून तर ते इतक्यांदा उतरले असतील की आमच्या मार्गावरचे कंडक्टर त्यांचं तिकीट फाडतानाच विचारत, "बाबूजी, आज पूरा जाओगे या बीच में?"

हळूहळू सेक्टरभर त्यांचा लौकिक झाला. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना गिलोय, म्हणजे आपली गुळवेल, हवी असायची. ते मामांकडे येत. मामांनी एका निवृत्त कर्नलसाहेबांना मोठ्या आत्मविश्वासाने जी वेल दाखवली, तिचा काढा कर्नलसाहेब दोन महिने नाक दाबून पीत होते. ती वेल भोपळ्याची होती हे पावसाळ्यात तिला भोपळा लागला तेव्हा उघड झालं. पण कर्नलसाहेबांचा गुडघा तोपर्यंत बरा झाला होता, त्यामुळे चूक भोपळ्याची धरली गेली. पुढे मोबाईल आले. माझ्या बायकोने एका वेलीचा फोटो काढून कुठल्याशा ग्रुपवर टाकला आणि तासाभरात तिला पाच नावं आली. मामा विजयी मुद्रेने म्हणाले, "बघ, तुमच्या फोनलासुद्धा नक्की सांगता येत नाही. आणि मला निदान चुकीचं तरी एकच नाव सांगता येतं!"

सगळ्या वेलींत वेल क्रमांक नऊ ही मामांची खास नावडती. ही त्यांच्याच क्वार्टरच्या मागच्या तारेच्या कुंपणावर होती, मामी जिथे धुणं वाळत घालत तिथे. मऊ लव असलेली पानं, कशाचाही आधार घेऊन वर चढणारी, आणि माळ्याने कितीही छाटली तरी पावसाबरोबर परत हजर. क्वार्टर मिळालं त्या वर्षी मामींनी तिचं पान अंगठ्याने चोळून पाहिलं होतं आणि म्हटलं होतं, "अहो, ही तीच वाटते." मामा लगेच भिंग घेऊन गेले. पाहिलं. एक वर्ष थांबून पुन्हा पाहिलं. "हिला फळ आहे का?" "नाही." "तुझ्या माहेरच्या वेलीला फळ होतं का?" "होतं." "मग ही ती कशी असेल?" फाईलवर शेरा पडला: 'वेल क्र. ९. फळ येत नाही. सबब नामंजूर.' मामी पुढे काही बोलल्या नाहीत. मामांनी मात्र न्यायबुद्धीने दर वर्षी तिचं पुनर्विलोकन केलं, आणि दर वर्षी त्याच शेऱ्याखाली नवी तारीख टाकली. अशा बावीस तारखा होत्या. सारं शहर धुंडाळून दमून आलेला हा माणूस संध्याकाळी त्याच कुंपणाला टेकून चहा प्यायचा.

मामांची निवृत्ती सहा महिन्यांवर आली तेव्हा त्यांचा आनंदी स्वभाव थोडा काळवंडला. नोएडात सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. तिथे कुंपण नाही, परस नाही, रविवारी चालत जावं असं जंगल नाही. एकदा स्कूटरवर मागे बसून ते माझ्या कानाशी म्हणाले, "जावईबापू, तिने आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. लोकांच्या बायका हार मागतात, पाटल्या मागतात. हिने पाला मागितला. तेवढंही मला जमू नये?" सिग्नल सुटला होता, मागून हॉर्न वाजत होते, आणि मला गाडी पुढे घ्यायचं सुचत नव्हतं. हा माणूस गंमत म्हणून हिंडत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

त्या जानेवारीत आमच्या मराठी मंडळाची बस दर वर्षीप्रमाणे पानिपतला निघाली. काला अंबला, म्हणजे तिथल्या युद्धस्मारकापाशी, गेलं की दिल्लीतली मराठी माणसं आपोआप हळू बोलू लागतात. एरवी मंडळाच्या सभेत एकमेकांची उणीदुणी काढणारी माणसं तिथे हात जोडून, मान खाली घालून उभी असतात. धुकं होतं. अध्यक्षांचं भाषण सुरू होतं. आवाज जड झालेला. आणि माझ्या शेजारची जागा रिकामी होती. मी मान न वळवता डोळे फिरवले. मामा मागच्या टोकाला, झुडपांच्या रांगेत, गुडघ्यांवर आणि कोपरांवर होते. शाल पांघरलेला एक रखवालदार त्यांच्यावर वाकला होता. शांततेमुळे शब्द न् शब्द ऐकू येत होता. "ताऊ, के ढूँढै सै?" "फल." "इस झाड़ में के फल? अमरूद बाहर मिलेंगे।" आणि मग अध्यक्ष "त्या रणभूमीवर आपल्या लाखो..." इथे पोचले असताना मामांची आरोळी आली, "नाल! अगदी घोड्याची नाल! सापडली!"

पुढचं सांगायला नको. जोडलेले हात सुटले. मंडळाचे खजिनदार सर्वांत पुढे, त्यांच्यामागे महिला आघाडी, त्यांच्यामागे स्वतः अध्यक्ष. अडीचशे वर्षांनी कुणा पागेचा अवशेष सापडला म्हणून सगळे धावले. मामा उभे होते. बाह्या जांभळ्या, बोटं जांभळी, नाकालाही जांभळा डाग, आणि पुढे केलेल्या तळहातावर मुगाएवढी, नालेसारखी वळलेली एक बी. "कुठाय नाल?" खजिनदारांनी विचारलं. मामांनी भिंग पुढे केलं. खजिनदारांनी त्यातून पाहिलं, मग मामांकडे पाहिलं, आणि ते परत रांगेत जाऊन उभे राहिले. मामांना त्याचं काही नव्हतं. ते गर्दीत मामींना शोधत होते. "खूण अ! खूण ब!" ते ओरडत होते, "अगं, दोन्ही!"

खूण क बसमध्ये तपासली गेली. मामांनी थर्मासच्या झाकणात पाणी घेतलं, त्यात मूठभर पाला चोळला, गाळला, आणि ते हिरवं पाणी मांडीवर धरून बसले. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला सारी बस 'सांभाळा!' म्हणत होती; मघाशी रागावलेले खजिनदारसुद्धा मागे वळून "थिजलं का?" विचारत होते. मुरथल आलं. पराठ्यांसाठी बस थांबली, पण कुणी उतरेना. मामांनी झाकण उचललं, माझ्या नव्या पँटवर नेमून धरलं, कारण जावई कशासाठी असतो, आणि उलटं केलं. काही पडलं नाही. बसमध्ये टाळ्या वाजल्या. मामांनी चष्मा काढून पुसला.

मामी मात्र टाळ्या वाजवत नव्हत्या. उरलेलं एक पान घेऊन त्या अंगठ्याने चोळत होत्या. "अहो," त्या म्हणाल्या, "ही आपल्या मागच्या कुंपणावरचीच आहे की."

"छे! नऊ नंबर? तिला कुठे फळ येतं?"

पुढच्या सीटवर पहाडगंजच्या शाळेत पूर्वी जीवशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई बसल्या होत्या. त्या मागे वळल्या आणि शिकवायच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, या जातीत नर वेल वेगळी असते आणि मादी वेल वेगळी. तुमच्या कुंपणावरची नर असेल. तिला जन्मात फळ येणार नाही. वासनवेल म्हणतात हिला. आपल्याकडे कुठल्याही कुंपणावर असते."

मामांनी झाकणातला थिजलेला रस पुन्हा एकदा भिंगातून पाहिला. मग अगदी हळू, स्वतःशीच म्हणाले, "म्हणजे बावीस वर्षं मी एका पुरुषाला मूल का होत नाही म्हणून नापास करत होतो." यावर पहिल्यांदा मामी हसल्या. मग बाई, मग सगळी बस. मामाही हसले, पण उशिरा.

घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. मामी कपडेही न बदलता मागच्या दाराने कुंपणाकडे गेल्या आणि ओच्यात पाला घेऊन आल्या. धुतला, पाण्यात चोळला, फडक्यातून गाळला, साखर घातली, ताटात ओतलं. एकदाही कुणाला काही विचारलं नाही. हात आपले चालत होते, काल-परवाच केलं असावं तसे. ताट थिजलं. त्यांनी सुरीने वड्या पाडल्या आणि आमच्या हातांवर एकेक ठेवली. खरं सांगायचं तर तिची चव साखर पेरलेल्या लॉनसारखी होती. माझ्या बायकोने माझ्या पायावर पाय दिला म्हणून मी "वा!" म्हणालो. मामी मात्र एक, दोन, तीन वड्या डोळे मिटून खात राहिल्या. जानेवारीची थंडी, अंगावर शाल, आणि ही बाई पोटात गार पडण्याची वस्तू अशी खात होती की तिला थांबवायची छाती कुणाची झाली नाही.

मग त्या म्हणाल्या, "मी तेव्हाच म्हटलं होतं तुम्हाला. पण तुम्ही म्हणालात फळ नाही, तेव्हा मला वाटलं, माझंच चुकत असेल. इतक्या लांब ती कशाला येईल? मग मी पान चोळून बघायचंसुद्धा सोडून दिलं. धुणं तेवढं वाळत घालत राहिले." तक्रारीचा सूर नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं मला मामांचा चेहरा पाहून वाटलं.

मामा उठले. कपाटातून फाईल काढली, चष्मा चढवला आणि लिहायला बसले. लिहून झाल्यावर त्यांनी ते पान मामींपुढे ठेवलं. मी मागून वाचलं: 'वेल क्र. ९ बाबतचे सर्व पूर्वीचे शेरे रद्द. अर्जदाराचे म्हणणे पहिल्या दिवसापासून बरोबर होते. तपासणी अधिकारी चुकला. विलंबाबद्दल अर्जदाराची माफी मागण्यात येत आहे.' खाली त्यांची सही, आणि त्याशेजारी अर्जदाराच्या सहीसाठी कोरी जागा. एकतीस वर्षं सरकारी कागदांत वावरलेल्या कुणाही माणसाने असं वाक्य लिहिलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

मामींनी पदराला डोळे पुसले आणि म्हणाल्या, "सही करू का मग?"

"आत्ता नाही," मामांनी पान मागे ओढलं. "तुझ्या वेलीला फळं होती. या कुंपणावर फळ लागेल तेव्हा सही. तोवर प्रकरण उघडं."

काला अंबच्या सात बिया त्यांनी रुमालात बांधून आणल्या होत्या. मार्चमध्ये त्या नऊ नंबरशेजारी पेरल्या. तीन उगवल्या. त्यांतल्या मादी किती, मुळात एखादी तरी आहे का, हे कळायला फूल येईपर्यंत थांबणं भाग होतं. जुलैत मामा निवृत्त झाले आणि पुढे क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा रोपं जेमतेम कमरेइतकी होती. आता माळ्याची कात्री आणि नवे राहणारे यांच्यापासून त्यांना वाचवायचं कसं? मामांनी सरकारात घालवलेल्या आयुष्याचं सार एका पत्र्याच्या पाटीवर उतरवलं आणि ती कुंपणाला तारेने बांधली: 'मामला विचाराधीन है। काटना मना है।' खाली सही, हुद्दा आणि तारीख. मी खूप हसलो. पण माळ्याने ती पाटी वाचली, कात्री खाली ठेवली आणि तो दुसरीकडे गेला. सरकारी कॉलनीत देवाच्या नावाने जे वाचत नाही ते या एका वाक्याने वाचतं.

नोएडाला गेल्यावरही मामा दर महिन्याला दोन बस बदलून आर. के. पुरमला यायचे. त्या क्वार्टरमध्ये आता एक गढवाली कुटुंब राहत होतं. पहिल्यांदा कुंपणापाशी भिंग घेऊन वाकलेला म्हातारा पाहून त्या घरच्या बाई घाबरल्या; चौथ्या खेपेपासून त्या चहा द्यायला लागल्या. फूल येण्याआधीच एकदा थंडीत मामांना बस झेपेनाशी झाली, मग जिना, मग काहीच. मी भेटायला गेलो की ते विचारायचे, "फळ?" मी म्हणायचो, "अजून नाही." "विचाराधीन," ते समाधानाने म्हणायचे आणि डोळे मिटायचे. पुढच्या पावसाळ्यात ते गेले.

त्यानंतरच्या जानेवारीत मला त्या गढवाली बाईंचा फोन आला. "भाई साहब, वो अंकलजी की बेल में काले-काले दाने आए हैं। अंकलजी ने कहा था, आते ही बताना।" मी मामींना घेऊन गेलो. तोपर्यंत मेट्रो सुरू झाली होती. नोएडातून मामी जिथे बसतात त्या स्टेशनचं नाव बोटॅनिकल गार्डन, आणि गाडी तिथून थेट आर. के. पुरमला येते. ज्या माणसाला ही लाईन सर्वांत जास्त शोभली असती त्याने ती पाहिली नाही, याची मला अजून चुटपुट लागते.

पाटी गंजली होती, पण अक्षरं वाचता येत होती. तिच्यामागे नऊ नंबर आणि काला अंबच्या वेली एकमेकींत अशा गुंतल्या होत्या की कुठली कुठली हे सांगायला मामाच हवे होते. आणि पानांआड फळं होती. लहान, काळी-जांभळी, जोडी-जोडीने. मामींनी एक पान अंगठ्याने चोळून पाहिलं. मग त्यांनी दोन फळं खुडून वाटीत चुरडली, केरसुणीची एक हीर मागून घेतली, माझ्या पिशवीतून फाईल काढली आणि त्या कोऱ्या जागेवर सही केली. हीर दर अक्षराला रसात बुडवावी लागत होती, त्यामुळे वेळ लागला. गढवाली बाई शेजारी चहाचा कप घेऊन उभ्या होत्या.

"आता वर 'निकाली' असं लिहायचं असतं," मी म्हणालो.

मामींनी फुंकर मारून सही वाळवली आणि फाईलची फीत बांधली. "नको, जावईबापू," त्या म्हणाल्या. "त्यांची पाटी आहे ना तिथे. राहू दे विचाराधीनच. पुढच्या जानेवारीत यायचं म्हटलं तर काही कारण नको का?"

परतीच्या मेट्रोत समोर बसलेली एक मुलगी त्यांच्या जांभळ्या बोटांकडे टक लावून बघत होती. मामींच्या ते लक्षात आलं. मी रुमाल पुढे केला, तर त्यांनी तो घडी घालून मला परत दिला आणि हात तसाच मांडीवर ठेवून त्या स्टेशन येईपर्यंत बसून राहिल्या.